रानचेस्टनटचं निळं पाणी

४ मार्च १९२८, रविवार

ही वही मेटाने दिली. म्हणाली, बाबा, बसल्या बसल्या काहीतरी लिहीत जा. म्हणजे ती लोकांचे कपडे धुते त्या खोलीत येऊ नका. चव्वेचाळीस वर्षं रंगारी म्हणून निळीच्या पिंपांत हात घालून काढली मी, नखांच्या कडा अजून निळ्या आहेत. मुलगी काय बोलते आणि तिला काय म्हणायचं असतं, एवढं मला कळतं.

गेल्या महिन्यातली चूक माझीच. आरोग्यधामाच्या बारा चादरींना शेवटच्या पाण्यात नीळ द्यायचं काम तिने माझ्यावर सोपवलं, आणि मी ती रंगाऱ्याच्या हाताने दिली. चादरी आभाळासारख्या झाल्या. टेकडीवरच्या सिस्टर अडेलहाइडनी त्या परत पाठवल्या, सोबत चिठ्ठी: 'आमचे रोगी अजून स्वर्गात पोचलेले नाहीत.' मेटाने त्या चार वेळा उकळल्या. तेव्हापासून शेवटचं पाणी मला बंद.

पण खरं संकट निराळंच. त्या चादरी जुन्या झाल्यात. नीळ नाही दिली तर पिवळट दिसतात, दिली तर करड्या. सिस्टरनी सांगून ठेवलंय की मे अखेरच्या पेन्टेकॉस्टच्या सणापर्यंत वाट पाहू, मग चादरी शहरातल्या वाफेच्या लॉन्ड्रीत जातील. तिथे क्लोरिन घालतात; चादर पांढरीफेक होते आणि वर्षभरात तिची चाळण. आमचं अर्ध्याहून जास्त काम आरोग्यधामाचं. ते गेलं तर मेटाला कापडगिरणीत जावं लागेल. आणि माझी रवानगी ल्योबाऊला, बहिणीकडे. माझी बहीण मला आणि पाद्रीसाहेबांना एकाच आवाजात उपदेश करते.

मेटाचा नवरा सतरा साली लढाईत गेला. तेव्हापासून आम्ही दोघंच. ती काही बोलत नाही, नुसती कपडे आपटते.

१४ मार्च, बुधवार

आज जे पाहिलं ते कुणाला सांगितलं तर म्हातारा चळला म्हणतील, म्हणून इथे लिहितो.

नदीकाठच्या रानचेस्टनटच्या झाडांच्या फांद्या छाटायचं काम चाललंय. नगरपालिकेचा माळी ओस्विन नोआक शिडीवर होता. खाली पडलेली एक फांदी मी उचलली. सुरईत ठेवली की ईस्टरपर्यंत पानं फुटतात, मेटाच्या आईला आवडायचं. घरी अंगणातल्या हौदाच्या काठावर उन्हात बसून चाकूने सहज साल सोलत होतो. एक ढलपी पाण्यात पडली आणि तिच्यापासून निळा धूर खाली उतरू लागला. धूरच म्हणतो, कारण दुसरा शब्द नाही. दोऱ्यासारख्या निळ्या रेघा, हळूहळू, वळसे घेत. नीळ अशी नसते. नीळ पाणी झाकून टाकते. हे पाणी आतून उजळल्यासारखं दिसत होतं.

मी ते काचेच्या पेल्यात घेतलं. वरून, उजेडाच्या बाजूने पाहिलं तर निळं. पेला उजेडासमोर धरून आरपार पाहिलं तर साधं पाणी. आयुष्यभर निळा रंग विकला आणि हा निळा माझ्या घराशेजारी झाडात बसलेला मला ठाऊक नव्हता.

१६ मार्च, शुक्रवार

फजिती. पांढऱ्या फडक्याला तो रंग चढतच नाही. दोन दिवस भिजवलं, निळ्याचा मागमूस नाही. जन्मभराच्या रंगाऱ्याला झाडाने असा ठेंगा दाखवावा.

चिडून ते फडकं चिंध्यांच्या टोपलीत टाकलं. दुपारी तिथून जाताना दिसलं की त्या ढिगात एकच चिंधी नवी दिसतेय. उचलून दारात नेली. निळी नव्हती. पांढरी होती. बाकीच्या चिंध्या तिच्यापुढे दातांसारख्या पिवळ्या.

पुन्हा करून पाहिलं. या खेपेला मेटासारखा शेवटच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर घातला, तर पेल्यातला निळा क्षणात मेला. मला खरंच वाईट वाटलं. मग चिमूटभर सोडा टाकला. परत आला. व्हिनेगर, गेला, सोडा, आला. हे मी नऊ वेळा केलं. सदुसष्टाव्या वर्षी माणसाने काय करावं याची यादी कुणी केलेली नाही.

२० मार्च, मंगळवार

साल संपली. छाटलेल्या फांद्या गाडीने नेल्या. म्हणून पोहायच्या घाटामागे जे मोठं झाड आहे, त्याच्या खोडाची तीन-चार तळहात साल काढून आणली. झाड नगरपालिकेचं. विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर कशाला हवी ते सांगावं लागलं असतं, आणि मेटाच्या कानावर गेलं असतं. तरीही ही चोरीच, हे लिहून ठेवतो.

पेला रुमालाखाली झाकून औषधवाल्या एबरमानकडे नेला. मला वाटलं होतं तो चाट पडेल. त्याने चष्मा वर केला आणि म्हणाला की हे एस्क्युलिन, शाळेतल्या पुस्तकात आहे, शंभर वर्षांपूर्वीच लोकांनी पाहून ठेवलंय. माझा चेहरा पाहून त्याला दया आली असावी, कारण मग त्याने मला बसवून सगळं समजावलं. सूर्याच्या उजेडात एक भाग असा असतो जो आपल्याला दिसत नाही. हा पदार्थ तो भाग गिळतो आणि त्याचा निळा उजेड करून परत देतो. त्याच भागाने कातडी भाजते, म्हणून उन्हाच्या मलमातही हे घालतात. पायांच्या सुजलेल्या शिरांवरच्या मलमातही झाडाचा अर्क असतो. पिऊ मात्र नका म्हणाला. मी एक थेंब जिभेवर ठेवून पाहिला होता, ते सांगितलं नाही. कडू जहर.

मी विचारलं, कपड्याला लावलं तर? तो थांबला. पिवळ्यावर निळा उजेड पडला तर डोळ्याला पांढरं दिसेल, म्हणाला, पण असं कुणी केल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. घरी येईपर्यंत मी चालत होतो की पळत, आठवत नाही.

रात्रीच्या जेवणाला उकडलेले बटाटे, चक्का आणि जवसाचं तेल. मी मेटाला सूर्याच्या न दिसणाऱ्या उजेडाबद्दल सांगू लागलो, फडक्याचं नाव न काढता. दिवा, मेणबत्ती यांत तो भाग जवळजवळ नसतोच, वगैरे. ती हूं हूं करत बटाटे सोलत होती. माझ्या बोलण्याकडे तिचं लक्ष नसतं हल्ली.

२६ मार्च, सोमवार

नोआक घरी आला. मी खिडकीतून त्याची टोपी पाहिली आणि मागच्या दाराने कोळशाच्या खोलीत गेलो. पंधरा-वीस मिनिटं तो मेटाशी बोलला. शब्द ऐकू येत नव्हते, पण आवाज हळू होता. सरकारी माणूस चौकशी करताना असाच हळू बोलतो.

तो गेल्यावर मी विचारलं, काय म्हणत होता? मेटा म्हणाली, रुमाल धुवायला दिलाय. एक रुमाल. शिडी-करवत टाकून माणूस एका रुमालासाठी एवढ्या लांब येईल होय? पाळत आहे.

४ एप्रिल, बुधवार

नोआक गेल्या नऊ दिवसांत पाच वेळा आला. दर वेळी एक रुमाल. एकतर त्याला जुनाट पडसं आहे, नाहीतर त्याचा संशय पक्का होत चाललाय. काल मला अंगणातच गाठलं आणि म्हणाला, हेन्श मास्तर, तब्येत बरी आहे ना? मी म्हटलं, उत्तम, आणि हातातली बादली पाठीमागे धरली. बादली अशी लपत नाही.

११ एप्रिल, बुधवार

मेटाला कळलं.

ईस्टरला चर्चला जाताना मी माझ्या दोन रुमालांपैकी एक सालीच्या पाण्यातला नेला होता. आज दोन्ही दोरीवर शेजारी वाळत होते. ती त्यांच्यापुढे उभी राहिली. एक काढला, उलटसुलट केला, वास घेतला. मग मला हाक मारली. हाक मोठी नव्हती, पण मी बूट न घालताच गेलो.

सगळं सांगितलं. साल कुठून आणली तेही. ती हौदाच्या काठावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. लग्नाआधी अशी हसायची. मग डोळे पुसून म्हणाली, "आरोग्यधामाच्या एकाही चादरीला हात लावायचा नाही. आधी आपली चादर. ती बिघडली तर आपणच तिच्यावर झोपू."

२ मे, बुधवार

तीन आठवडे लिहायला उसंत नाही. आमच्याच चार चादरींवर सारखं चाललंय. साल उकळली की पाणी चहासारखं होतं आणि चादरीला तपकिरी छटा येते, त्यापेक्षा नीळ परवडली. कोमट पाण्यात रात्रभर ठेवून दुहेरी फडक्यातून गाळली की साफ. व्हिनेगर बंद, त्याजागी चिमूटभर सोडा. फार दाट केलं तर पिवळट, फार पातळ केलं तर काहीच नाही. हे प्रमाण काढायला मात्र रंगाराच लागतो. मेटाने हे मान्य केलं. म्हणजे काही बोलली नाही, पण ढवळायचा दांडा माझ्या हातात राहू दिला.

आणि एक वाईट शोध. एक चादर तीन दिवस कडक उन्हात दोरीवर राहिली आणि पुन्हा होती तशी पिवळट झाली. ज्या उन्हाने ती उजळते तेच ऊन शेवटी तिचं तेज खाऊन टाकतं. शिवाय एका धुण्यात सगळं निघून जातं. एक रात्र मी पडल्या पडल्या विचार करत होतो की हे सिस्टरना सांगायचं की नाही. मेटाला विचारलं नाही. तिने सांगू नका म्हटलं असतं तर मला पटलं असतं, अशी भीती वाटली. चादरी आता माळ्यावर सावलीत वाळवतो.

१३ मे, रविवार

रानचेस्टनटना फुलं आली. नोआकचं नाक उन्हाने भाजलंय, त्याला एबरमानकडचं पिवळसर मलम लावून तो हिंडतो. मेटा म्हणाली, बिचारा. तिच्या तोंडून मी हा शब्द वर्षानुवर्षं ऐकला नव्हता. त्या मलमात आपलीच साल आहे, हे मी तिला सांगितलं. तिला ते माहीत होतं. म्हणे मीच सांगितलं होतं मार्चमध्ये.

२२ मे, मंगळवार

आज परीक्षा झाली.

मेटा आणि मी सालीच्या पाण्यातली चादर आणि नेहमीच्या धुण्यातली एक, अशा दोन घेऊन टेकडी चढलो. सिस्टर अडेलहाइड ठेंगण्या, किल्ल्यांचा जुडगा कमरेला. त्यांनी आम्हाला तळघरातल्या कपड्यांच्या खोलीत नेलं. खिडकी नाही, छताला विजेचा एक दिवा. वाफेच्या लॉन्ड्रीने नमुन्याला पाठवलेली चादर तिथे होतीच. तिन्ही टेबलावर शेजारी पसरल्या.

लॉन्ड्रीची पांढरी. आमच्या दोन्ही सारख्याच पिवळट.

मी पाहत राहिलो. वाटलं, आपण रस्त्यात चुकून घरातली दुसरीच चादर आणली. सिस्टर म्हणाल्या की दोन्हींत त्यांना फरक दिसत नाही. आवाजात काही कडवटपणा नव्हता, त्यामुळे जास्तच लागलं. मी चादरीची घडी घालू लागलो. ल्योबाऊ डोळ्यांपुढे आलं, बहिणीच्या घरातलं कोपऱ्यातलं ते बाकडं सुद्धा.

तेवढ्यात मेटाने माझ्या हातातलं टोक काढून घेतलं. म्हणाली, "सिस्टर, तुमचे रोगी या खोलीत झोपतात का?"

सिस्टर म्हणाल्या, नाही.

"मग जिथे झोपतात तिथे बघू या. बाबांनी मला सांगितलंय, दिव्यात हे दिसत नाही. त्याला दिवसाचा उजेड लागतो."

मार्चमधलं बोलणं. बटाटे सोलत होती ती. मीच विसरलो होतो, आणि ती सगळं ऐकत होती.

वर लांब उघडा ओटा आहे, तिथे रोगी दिवसभर आरामखुर्च्यांवर पांघरूण घेऊन पडलेले असतात. मेटाने तिन्ही चादरी कठड्यावर टाकल्या. मी आधी डोळे मिटून घेतले होते, हे कबूल करतो. मग उघडले. आमची चादर त्या दोघींच्या मधे ताज्या बर्फासारखी होती. लॉन्ड्रीची तिच्यापुढे खडूसारखी मेलेली. एक म्हातारा रोगी खुर्चीतून मान उंचावून म्हणाला, "सिस्टर, ती मला नका देऊ. दाढी करावी लागेल."

सिस्टरनी कापड बोटांत धरून पाहिलं, कुठे विरलंय का ते. विरलं नव्हतं. त्यांनी होकार द्यायला तोंड उघडलं आणि मी मधेच बोललो. म्हटलं, हे टिकत नाही. एका धुण्यात जातं, आणि कडक उन्हात तीन दिवसांत. मेटाने माझ्या पायावर पाय दिला, पण तोवर बोलून झालं होतं.

सिस्टर मला न्याहाळत राहिल्या. "मास्तर, आमच्या चादरी दर शनिवारी धुवायला जातात," त्या म्हणाल्या. "शनिवारपासून शनिवारपर्यंत टिकलं की झालं. आधी ही माझ्या पलंगावर घालते. अंगाला खाज आली तर परत."

टेकडी उतरून पायथ्याशी आल्यावर मेटा म्हणाली, "तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत." मग लगेच, "पुढच्या वेळी मला आधी सांगा, म्हणजे मी पाय देणार नाही."

२४ मे, गुरुवार

चोरी उघडी झाली, पण माझ्याच तोंडून.

संध्याकाळी मेटा म्हणाली की टपालात पत्र टाकून येते, आणि गेली. पत्र टेबलावरच विसरली. पाच मिनिटांत दार वाजलं. नोआक. कडक कॉलर, काळा कोट, नाकाला मलम नाही. समन्स बजावायला माणूस असाच येतो. पळायचा कंटाळा आला होता मला. म्हटलं, बसा. त्याने घसा खाकरला, "हेन्श मास्तर, मी ज्यासाठी आलोय," इतकं म्हणाला आणि अडकला. त्याचे हाल मला बघवेनात. मी म्हटलं, "मला माहीत आहे. मी कबूल करतो. साल मीच काढली."

"कुठली साल?"

घाटामागच्या झाडाची, म्हटलं. तीनदा. तिन्ही वेळा मार्चमध्येच.

तो खुर्चीत मागे टेकला. "ती लेनर्टबाईंच्या बकरीने नाही खाल्ली?" म्हणाला. "मास्तर, मी त्या बाईंशी भांडलो. बकरी बांधून ठेवायला लावली. दोन महिने बांधलेली आहे ती."

मग त्याने सांगितलं की त्या जखमेवर त्याने माती लिंपून गोणपाट बांधलंय, झाड वाचेल. पण खोडाला पुन्हा हात लावायचा नाही, साल पूर्ण गोल निघाली तर झाड मरतं. छाटलेल्या फांद्या लागतील तेवढ्या तो आणून देईल. मी मान हलवली. एवढ्या सरळ माणसाला मी दोन महिने शिपाई समजत होतो.

मग मी विचारलं, सालीसाठी नाही, तर आलात कशाला?

तेव्हा त्याने मेटाचं नाव घेतलं.

२६ मे, शनिवार

दोन दिवस विचार केला. परवा त्याला म्हटलं होतं, आधी तिला विचारतो. तिला विचारलं, तुला हा माणूस हवाय का? ती इस्त्री करत होती. म्हणाली, "बाबा, दोन महिने तो एकेक रुमाल घेऊन येतोय. गेल्या आठवड्यात आणलेल्यावर दुकानाची चिठ्ठी होती अजून."

मी म्हटलं, मग मी ल्योबाऊला जाईन, घर तुमचं तुम्हाला. हे मी चांगल्या मनाने म्हटलं, असं मला वाटत होतं. तिने इस्त्री उभी करून ठेवली. "आणि सालीचं पाणी कोण करणार? ओस्विन? त्याला व्हिनेगर आणि सोडा ओळखू येत नाही. तो इथे राहायला येतोय, तुम्ही कुठेही जात नाही. मी त्याला पहिल्या दिवशीच सांगितलंय." पहिला दिवस कधीचा, ते मी विचारलं नाही.

दुपारी टेकडीवरून पोऱ्या चिठ्ठी घेऊन आला. 'खाज नाही. सोमवारनंतर सगळ्या पाठवते. अडेलहाइड.' चिठ्ठी मेटाने मला वाचायला दिली आणि स्वतः पाठ वळवून बराच वेळ एकच उशीचा अभ्रा दाबत राहिली.

२९ मे, मंगळवार

सण झाला. आज लेनर्टबाईंची माफी मागायला गेलो. हे काम नोआकवर ढकलता आलं असतं, पण बकरीवरचा आळ माझ्यामुळे.

बाई विधवा आहेत, घाटाच्या पलीकडे राहतात, चीज करून बाजारात नेतात. मी दारात उभा राहून सगळं सांगितलं, साल, पाणी, चादरी, पहिल्यापासून. त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही. सगळं झाल्यावर म्हणाल्या, "मला काय सांगता? तिला सांगा."

बकरी पडवीत बांधलेली होती. मी टोपी काढून तिच्यापुढे उभा राहिलो आणि माफी मागितली. बाई मागे उभ्या असल्यामुळे नीट मागावी लागली. तेवढ्यात बकरीने टोपीची फीत ओढून खाल्ली. लेनर्टबाई दाराला टेकून हसत सुटल्या. मोठं, मोकळं हसतात त्या. मग त्यांनी दोर सोडला आणि बकरी उड्या मारत नदीकडे गेली.

मला बसवलं. चीज दिलं, पाव दिला. निळ्या पाण्याचं पुन्हा सांगायला लावलं, व्हिनेगर घातल्यावर काय होतं ते दोनदा विचारलं. फीत लावून देते, टोपी ठेवून जा, गुरुवारी या, म्हणाल्या. मी म्हटलं, टाका मलाही घालता येतो.

टोपी तिथेच ठेवून आलो.